पेस्टचे दिवस

ऑक्टोबर लागला की दिंडोरीच्या एसटीत माणसांची बोटं गुलाबी दिसायला लागतात. नखांच्या कडेला, अंगठ्याच्या बेचक्यात, कधी कानाच्या पाळीलासुद्धा तो रंग असतो, कारण काम करताना कान खाजतोच. आमच्याकडे त्याचं कोणाला काही वाटत नाही. बाहेरगावच्या माणसाने विचारलंच तर सांगावं लागतं, की द्राक्षाची छाटणी सुरू झाली. छाटलेल्या काडीवरचे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात, त्याला नुसतं ‘पेस्ट’ म्हणतात. आणि कुठली काडी झाली, कुठली राहिली ते कळावं म्हणून त्यात रंग कालवतात. यंदाही म्हसरूळच्या थांब्यावर तशी बोटं दिसली आणि माझं डोकं फिरलं. त्या बाईचा काही दोष नव्हता. ती खिडकीशी बसून त्याच बोटांनी शेंगदाणे खात होती. मला मात्र ती बोटं बघितली की सोमनाथ आठवतो, आणि सोमनाथ आठवला की मी दिवसभर कोणाशी धड बोलत नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवते. दिंडोरीच्या पुढच्या एका कॉलेजात, वीसेक वर्षं. झुरळ, गांडूळ, बेडूक यांच्याशी माझं बरं जमतं. ती उलट उत्तर देत नाहीत. चार वर्षांपूर्वी वरून एक पत्र आलं, की दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आरोग्याचा एक छोटा अभ्यासक्रम शिकवायचा. विषय असंसर्गजन्य आजार आणि त्यांचे धोक्याचे घटक. म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, जे एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत आणि येताना दार वाजवत नाहीत. स्टाफरूममध्ये तो कोणालाच नको होता. मराठीचे सर म्हणाले, “मॅडमकडे द्या, शरीर त्यांच्याकडेच आहे.” सगळे हसले आणि पत्र माझ्या टेबलावर आलं.

पत्रासोबत चित्रं आली होती. पडद्यावर दाखवायची. पहिल्या चित्रात एक गोरापान माणूस बर्गर खात होता, दुसऱ्यात तोच माणूस पळायच्या यंत्रावर घाम गाळत होता. समोर माझी मुलं. सकाळी सहापासून बागेत काम करून, घरी भाकरीचे चार घास पोटात ढकलून अकराच्या तासाला आलेली. मांडव डोक्यावर असतो, त्यामुळे छाटणी काय, पेस्ट काय, सगळं हात वर करून. त्या मुलांना मी अगदी गोड आवाजात सांगितलं, की रोज अर्धा तास व्यायाम करा. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, चार तास हात वर करून उभी होते. खाली करू का आता?” वर्गात हशा पिकला. मीही हसले, पण आतून इतकी चिडले होते की सांगता सोय नाही. तिच्यावर नाही. ज्याने ती चित्रं पाठवली त्याच्यावर, आणि न बघता ती लावणाऱ्या माझ्यावर.

या विषयाची गंमत म्हणजे त्यात दाखवायला काही नाही. बेडूक फाडून दाखवता येतो. हृदय हातात धरून सांगता येतं की बघा, हे असं. पण रक्तवाहिनीच्या आतली भिंत वीस वर्षांत कशी जाड होते ते विशीतल्या पोराला कसं दाखवायचं? त्याला आज भूक लागते, आज झोप येते, आज तो मोटारसायकलवर तिघांना बसवून वणीच्या घाटात जातो आणि परत येतो. त्याला मी पन्नाशीची धमकी देते. पन्नाशी म्हणजे मी. माझ्याकडे बघून त्याला वाटतं, बरी तर आहे की बाई, चालते-बोलते, ओरडते.

आणि त्यांचे ते दोन शब्द. “काय होतंय?” तंबाखूची पुडी खिशातून डोकावते, विचारलं तर “काय होतंय मॅडम.” भेळेवर वरून मीठ, “काय होतंय.” बापाला झटका येऊन गेलेला, आपली एकदा तपासणी करून घे म्हटलं, “मला काय होतंय?” हा प्रश्न नसतो. प्रश्न असता तर मी उत्तर दिलं असतं.

एकदा मी मुलांकडून एक तक्ता भरून घेतला. घरात तंबाखू कोण खातं, कोण ओढतं. पोरांनी आजोबा, काका, मामा लिहिले. बायकांच्या रकान्यात सगळीकडे ‘नाही’. मला इतका आनंद झाला की मी तो तक्ता सुबक करून त्याच दिवशी वर पाठवून दिला. आठवड्याने एका मुलीच्या घरी गेले तर दारातच तो वास आला. तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, कुटायची, की झाली मिश्री. तिची आई तर्जनी दातांवर फिरवत माझ्याशी बोलत होती. दिवसातून किती वेळा, विचारलं, तर म्हणाली सात-आठदा. बाहेर आल्यावर मी मुलीला म्हटलं, “अगं, तू ‘नाही’ लिहिलंस.” ती गोंधळली. “मॅडम, तुम्ही तंबाखू विचारली होती. हे तर दात घासायचं.” तिला काय बोलणार? माझी आई जन्मभर मिश्री लावत होती, आणि माझ्या स्वतःच्या तक्त्यात मीही ‘नाही’ लिहिलं होतं.

तेव्हा मी ठरवलं की आता चित्रं बंद. पदरच्या पैशाने रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं, दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं तसलं. एकमेकांचा मोजा म्हटलं. आधी शिकवलं : खुर्चीला पाठ टेका, पाय जमिनीला टेकवा, बोलू नका, आकडा जास्त आला तर पाच मिनिटं शांत बसा आणि परत घ्या. त्या तासाला पहिल्यांदाच वर्गात कोणी जांभई दिली नाही. पट्टा फुगला की मुली किंचाळायच्या. एकशे दहा, एकशे अठरा, एकशे चौदा. मी रजिस्टरमध्ये लिहीत होते.

सोमनाथ विसाव्या वर्षातला, उंच, किडकिडीत, वर्गात सगळ्यांच्या खोड्या काढणारा. दारू नाही, तंबाखू नाही. त्याच्या बापाने दारूत घर बुडवलं होतं, तेव्हापासून याने त्या वासाजवळही न जायची शपथ घेतलेली. त्याच्या गुलाबी बोटांचा हात मीच टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे बारा.

“मशीन बिघडलंय मॅडम,” तो म्हणाला.

मी त्याला पाच मिनिटं बसवलं. परत घेतला. एकशे चौऱ्याहत्तर. तोच पट्टा शेजारच्या मुलाला बांधला, त्याचा नेहमीसारखा आला. वर्गात कोणीतरी ओरडलं, “सोम्या म्हातारा झाला रे!” सोमनाथने कंबरेत वाकून काठी टेकल्याची नक्कल केली आणि तास हसण्यावारी गेला.

तास संपल्यावर मी त्याला थांबवलं. डोकं दुखतं का, विचारलं. दुखतं म्हणाला, सकाळी उठल्यावर. “पण ते पेस्टनं मॅडम. पेस्टचे दिवस असले की अंग गरम राहतं, डोकं जड होतं. सगळ्यांनाच होतं. दिवस संपले की उतरतं.” मी म्हटलं, पेस्टने असा आकडा येत नाही, या वयात इतका रक्तदाब असला तर मूत्रपिंडापासून सगळं तपासावं लागतं, उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जा. त्याने मान डोलावली. त्या वयातल्या मुलांची मान किती सहज डोलते.

गेला नाही. परवा जातो, मग सोमवारी जातो. मग कॉलेजलाच येईना. वर्गात निम्मे बाक रिकामे. प्राचार्य म्हणाले, “छाटणी आहे, येतील नंतर.” मी म्हटलं, विद्यार्थी येत नसतील तर मी जाते. एका सकाळी पहिल्या एसटीने निघाले आणि ढकांब्याच्या अलीकडे, जिथे सोमनाथची मजुरांची टोळी कामाला लागली होती, त्या बागेत जाऊन उभी राहिले.

तिथे मी जे पाहिलं ते आजही माझ्या डोक्यातून जात नाही. टोळीची मुकादम पार्वताबाई नावाची, साठीकडे झुकलेली, कोपरापर्यंत गुलाबी झालेली बाई. काम सुरू होण्याआधी तिने सगळ्यांना बांधावर एका रांगेत उभं केलं. बायका, पुरुष, पोरं. मग ती रांगेतल्या सगळ्यात धाकट्या मुलीसमोर गेली, तोंड उघडलं आणि तिच्या नाकावर जोरात श्वास सोडला. मुलगी म्हणाली, “नाय.” म्हणजे दारूचा वास नाही. त्यानंतर पार्वताबाई एकेकासमोर गेली आणि प्रत्येकाने तिच्या तोंडावर श्वास सोडला. एका दांडग्या गड्यापाशी ती थांबली, परत सोडायला लावला, आणि नुसतं बोट करून त्याला बांधाबाहेर काढलं. तो गडी चकार शब्द न बोलता डबा उचलून चालायला लागला.

कारण पेस्टचं आणि दारूचं वाकडं आहे. पेस्ट लावायच्या आधी किंवा नंतर दोन-चार दिवसांत माणूस प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, चक्कर येते, जीव घाबरा होतो. हे कोणी पडद्यावर दाखवलेलं नाही. आपल्या शेजारचा माणूस तसा पडलेला प्रत्येकाने कधी ना कधी बघितलाय. त्यामुळे वर्षभर रोज पिणारे लोक पेस्टच्या दिवसांत बाटलीकडे बघत नाहीत. मी तिथे बांधावर उभी राहून अक्षरशः जळले. माझ्याकडे दोन पदव्या, पडदा, तक्ते, वरून आलेलं पत्र, आणि माझं कोणी ऐकत नाही. या बाईला सही करता येत नाही, आणि तिच्या एका बोटावर माणूस घरी जातो.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, “पार्वताबाई, या सोमनाथला सांगा ना दवाखान्यात जायला. त्याला बीपी आहे. तुमचं ऐकेल.” तिने सोमनाथकडे बघितलं. तो मांडवाखाली उभा राहून कोणाला तरी हसवत होता.

“धडधाकट तर हाय पोरगं,” ती म्हणाली. “बीपी म्हातारपणी असतो. आन् मॅडम, पेस्टवर पेलं की तोंड लाल होतं, ते दिसतं. तुमचं ते दिसत नाय. न दिसणाऱ्याला कोण भेतं?”

मग सोमनाथच माझ्याजवळ आला. हातमोजे काढून, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू. “मॅडम, आठ-दहा दिवस राहिलेत. मधेच सुट्टी घेतली तर टोळीला एक माणूस कमी पडतो. छाटणी संपली की पहिलं काम तेच. आईशप्पथ.”

आणि मी म्हटलं, “बरं.”

या एका शब्दावर मी किती रात्री, किती प्रवास, किती तास वाया घालवलेत ते माझं मला माहीत. मी त्याच्या कानाला धरून त्याला एसटीत बसवू शकले असते. त्याच्या आईला गाठू शकले असते. पण मी दमले होते, ऊन तापायला लागलं होतं, कॉलेजला परत जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं ते तरणंताठं हसू बघून मलाही वाटलं, आठ-दहा दिवसांनी काय होतंय? ज्या दोन शब्दांवर मी वर्गात चिडत होते, ते माझ्याच मनात बसलेले होते.

सहाव्या दिवशी तो पडला. दुपारी बारा-साडेबाराला, मांडवाखाली. आधी हातातलं पेस्टचं भांडं सुटलं. लोक ओरडले तर याला नीट बोलता येईना, जीभ जड, शब्द अर्धे. तोंड एका बाजूला ओढलेलं. चालायला गेला तर झोकांड्या. आता पेस्टच्या दिवसांत, बागेत, जीभ अडखळणारा आणि झोकांड्या खाणारा माणूस दिसला, तर आमच्या भागात कोणीही एकच म्हणेल. तेच सगळे म्हणाले. पेस्टवर प्यायला.

त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या सावलीत झोपवलं. तोंडावर पाणी मारलं, लिंबू पिळून दिलं, ते त्याला गिळता येईना. दोघंतिघं रागावले, बापाची औलाद म्हणाले. मग सगळे कामाला लागले, कारण चढलेलं उतरतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. कोणी दुष्टपणा केला नाही. त्यांनी त्यांच्या ज्ञानाप्रमाणे अगदी बरोबर केलं. संध्याकाळी बाग संपली, ऊन गेलं, तरी ते उतरलं नाही. तेव्हा त्याला नाशिकला आणलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आधी कधी बीपी सांगितला होता का? पार्वताबाई सोबत नव्हती; जी माणसं होती ती म्हणाली, नाही. सांगितलेला होता. तो माझ्या कपाटात, रजिस्टरच्या चौदाव्या ओळीत होता.

मला तीन दिवसांनी कळलं. हजेरी घेताना त्याचं नाव आलं आणि मागून एकजण म्हणाला, “मॅडम, सोम्या पेस्टवर पिऊन पडला.” पोरं हसली. मी डस्टर फेकलं. कोणाला लागलं नाही, पण इतक्या वर्षांत मी वर्गात कधी काही फेकलं नव्हतं. “त्याला लकवा झालाय, गाढवांनो,” मी ओरडले, “मी तुम्हाला एवढे दिवस काय शिकवत होते?” मग एक मुलगा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “पण मॅडम, लकवा तर म्हाताऱ्यांना होतो ना?” मला रडू आलं. इतक्या दिवसांची माझी सगळी बडबड त्या एका वाक्यावर जाऊन आपटली.

सोमनाथ वाचला. उजवा हात मात्र कोपरात दुमडून राहिला, पाय ओढत चालतो, बोलताना एखादा शब्द अडतो. कॉलेज सुटलं. वर्षभराने मला आक्राळे फाट्यावर भेटला. मी विचारलं, गोळ्या घेतोस ना रोज? घेतो म्हणाला. मग जरा जवळ सरकला. मला वाटलं, आता हा म्हणणार, की मॅडम, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. तो म्हणाला, “हाताचं जाऊ द्या. गावात सगळे म्हणतात बापावर गेला. आईसुद्धा एकदा म्हणाली. मॅडम, मी प्यायलो नव्हतो. तुम्ही सांगा ना लोकांना. तुमचं ऐकतील.”

माझं ऐकतील! मला हसावं की काय कळेना. पण त्याहून वाईट सांगते. मी ‘सांगते’ म्हटलं आणि सांगितलं नाही. तीन वर्षं. कारण लोकांना सांगायचं तर रजिस्टर दाखवायला लागलं असतं, आणि रजिस्टर दाखवायचं तर त्या तारखेपुढचं माझं ‘बरं’ही सांगायला लागलं असतं. मास्तरीण बाईंना आधीपासून माहीत होतं, हे गावात कळलं असतं. म्हणून मी दर ऑक्टोबरला त्या बोटांकडे बघून चिडत राहिले. सरकारवर, पोरांवर, त्या बर्गरवाल्या माणसावर. चिडणं सोपं असतं, त्यात एसटीतून उतरावं लागत नाही.

यंदा उतरले. त्या शेंगदाणे खाणाऱ्या बाईला विचारलं, पार्वताबाई कुठे राहते? तिने सांगितलं. कॉलेजात जाऊन रजिस्टर काढलं, आणि दुपारी पार्वताबाईच्या दारात गेले. ती मिश्री लावत बसली होती. मी रजिस्टर उघडून चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. माझं ‘बरं’सुद्धा सांगितलं. म्हटलं, “पार्वताबाई, तो प्यायला नव्हता.”

तिने तोंडातली मिश्री थुंकली. मग म्हणाली, “मला ठाव हाय. सकाळी मीच वास घेतला व्हता त्याचा. नव्हता.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?” माझा आवाज चढला.

“समदे म्हनले पेलाय. मला वाटलं, माझंच चुकलं आसंल. तोंडात मिश्री व्हती, वास कळला नसंल.” तिने तर्जनी पदराला पुसली. “चार वर्सं हेच मनात फिरतंय. तुम्ही आज आला.”

आम्ही दोघी त्या ओट्यावर बसून राहिलो. एकीच्या नाकाला माहीत होतं, दुसरीच्या वहीला, आणि पोरगा चार वर्षं दारुडा म्हणून जगत होता. उठताना ती म्हणाली, “परवा नव्या बागंत पेस्टचा पयला दिवस हाय. तुमचं मशीन घेऊन या. त्यालाबी बोलवते. समद्यांपुढं सांगू.”

ठरलेल्या सकाळी मी गेले. बांधावर तशीच रांग, तसेच डबे. सोमनाथ एका उलट्या क्रेटवर बसला होता, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला, जणू त्याचाच काही कार्यक्रम होता. पार्वताबाईने आधी श्वासाचं काम उरकलं. मग मध्ये उभी राहून म्हणाली, “ह्या पोराचा वास म्या घेतला व्हता. दारू नव्हती. म्या बोलले नाय, ती माझी चूक.” मग माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर वाचलं. आकडा सांगितला, तारीख सांगितली, त्याने मागितलेली मुदत सांगितली, आणि मी ती दिली हेही सांगितलं. एक म्हातारा म्हणालाच, “वीस वर्साच्या पोराला बीपी?” पार्वताबाईने त्याच्याकडे नुसतं बोट केलं. सोमनाथ मान खाली घालून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सरळ करत होता.

मी यंत्र काढलं आणि म्हटलं, चला, एकेकाने या. रांग दोन पावलं मागे सरली. दारूचा वास द्यायला न घाबरणारी माणसं, एका फुगणाऱ्या पट्ट्याला घाबरली. मी पुन्हा चिडणार, तेवढ्यात पार्वताबाई म्हणाली, “मॅडम, आमच्यात मुकादम आधी सोताचा वास देतो, मग दुसऱ्याचा घेतो. ह्याच्यात मुकादम तुम्ही. आधी तुमचा हात.”

शपथेवर सांगते, त्या यंत्राला मी चार वर्षांत किती पोरांचे हात बांधले असतील, माझा एकदाही बांधला नव्हता. सोमनाथ क्रेटवरून उठला. मी बसले. रांगेतल्या सगळ्यात धाकट्या मुलीने तिच्या गुलाबी बोटांनी बटण दाबलं. सगळे आकड्याकडे वाकले. एकशे अडुसष्ट.

“मशीन जरा...” मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“मॅडम, बोलू नका,” सोमनाथ म्हणाला. शब्द थोडा अडला, पण आवाज अगदी माझ्या तासाचा होता. “पाय जमिनीला टेकवा. पाच मिनिटं शांत बसा. परत घेऊ.”

मी पाय टेकवले. पाच मिनिटं पूर्ण टोळी काम सोडून माझ्यासाठी उभी होती. दुसऱ्यांदा आकडा चारच खाली आला. सोमनाथने माझ्या मांडीवरचं रजिस्टर घेतलं, बांधावर बसून गुडघ्यावर ठेवलं, आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर जुळवत माझं नाव लिहिलं. त्यापुढे आकडा लिहिला. मग विचारलं, “दवाखान्यात कधी जाताय?”

“जाते की,” मी म्हटलं. “एवढी छाटणी...”

तो मान वर न करता म्हणाला, “‘उद्या’ लिहितो.”